तट्टा पडला तेव्हा

मंडळी, आज दुपारी कुरखेड्याजवळच्या एका गावात जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

'तट्ट्यामागचे' हा बँड तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाईलवर ऐकला असेल. त्यांचा फोटो कुठंच सापडत नाही. कार्यक्रमातही ते बांबूचा तट्टा उभा करून त्याच्यामागे बसून गातात, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलं. आज गाव पुढे बसलेलं होतं आणि चंद्रपूरहून गेलेले आम्ही चौघं-पाच जण मागे उभे होतो.

गाणं रंगात आलं असताना जोराचा वारा सुटला आणि तट्टा आडवा झाला.

आमचे फोन लगेच वर गेले. तेवढ्यात अख्खं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, स्टेजकडे पाठ करून आमच्याकडे वळलं. गाणं मात्र कुठंच अडखळलं नाही. एवढे डोळे आपल्यावर रोखलेले असताना त्यांच्या डोक्यावरून पाहणार तरी कसं? आम्ही फोन खाली घेतले आणि आम्हीही वळलो. उरलेलं गाणं सगळ्यांनी रस्त्याकडे तोंड करून ऐकलं.

नंतर तिथल्या एका बाईंना विचारलं, "ते कोण आहेत, हे तुम्हालाही माहीत नाही का?"

त्या हसल्या. "आमचेच पोट्टे हायेत ना. रोज पाह्यतो त्याइले."

"मग तुम्ही काऊन वळल्या?"

"आमी पाहत राह्यलो असतो, तं तुमीबी पाह्यलं असतं."

मी इतके दिवस समजत होतो, त्यांना तो तट्टा लपवतो. तुमच्याकडे तट्टा पडला असता, तर कोण वळलं असतं?