सासूने दाखवलेलं तळं

आमच्या वस्तीत नवी सून आली की माझी सासू तिला बाजारातून थेट तळ्यापर्यंत फिरवून आणायची. लग्नानंतर आठच दिवसांत माझा नंबर लागला.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती, तरी पनवेलच्या बाजारात ती भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. चहाच्या दुकानासमोर थांबून म्हणाली, "आपल्याला आत घेत नसत. आपल्या कपबश्या हितं बाहेर असायच्या." दुकानदारानं मान वर केली. मला सासूचा राग आला. झालं गेलं ते कशाला उकरून काढायचं?

"आपल्यात लिवणारं कुणी नाय," ती म्हणाली, "म्हणून चालून लक्षात ठेवायचं."

तळ्याच्या वरच्या पायरीवर ती थांबली. "आपली माणसं पयल्यांदा पाणी प्यायला हितनं उतरली. वरून दगड आले. जा, ओंजळभर पिऊन ये."

पायऱ्यांवर चार पुरुष बसले होते. ते बोलायचे थांबले. मी उतरले, कशीबशी एक ओंजळ प्यायले आणि वर येऊन चिडून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही किती प्यायलात?"

"मी नाय उतरले. भ्याले. सगळ्यांच्या वहाणा सांभाळत हितंच उभी होते."

मी तिचा हात धरून तिला खाली नेलं. तिनं ओंजळ भरली, पण तोंडाला लावण्याआधी वळून त्या चौघांकडे पाहत राहिली. तोवर बोटांमधून सगळं पाणी गळून गेलं.