आभाराचा ईमेल

२००६ साली गौरीजेवणाच्या दुपारी आमच्या महिला हेल्पलाइनच्या वेबसाइटने सिंगापुरात आंग मो किओ भागात राहणाऱ्या एका मराठी बाईचा घात केला. 'नवरा मारतो, काय करू?' एवढंच तिने फॉर्ममध्ये लिहिलं होतं. साइटने लगेच आपोआप ईमेल पाठवला. विषय होता, 'घरगुती हिंसाचाराबद्दल आम्हाला लिहिल्याबद्दल आभार'. पण त्या घरात दोघांचा मिळून एकच ईमेल पत्ता होता आणि तो नवरा ऑफिसात बसून बघायचा. तेव्हा आपल्या किती घरांत असंच असायचं! माझ्या आईबाबांचंही तसंच. तरी पत्ता भरल्याशिवाय आमचा फॉर्म पुढे सरकत नव्हता.

संध्याकाळी तिने इमारतीखालच्या सार्वजनिक फोनवरून आमच्या हेल्पलाइनला फोन केला. "ताई, त्यांनी पासपोर्ट काढून घेतलाय. म्हणतात, माझ्या नोकरीवर तुझा इथे राहायचा पास आहे, तो रद्द करून पुण्याला धाडतो."

साइट बनवणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याला मी झापलं. तो म्हणाला, "अगं, पत्ताच नको तर उत्तर काय हवेत पाठवू?"

"कुठे पाठवू, ते तिला विचारायचं होतं."

"आणि ती विषयाची ओळ कोणी लिहिली?"

मीच लिहिली होती. पत्रकाच्या मथळ्यासारखी, ठसठशीत. नको असलेलं पत्रक बाई फाडून टाकते. हे तिला फाडता आलं नाही. त्याच आठवड्यात नवऱ्याने तिला पुण्याच्या वाटेला विमानात बसवलं.

तुम्ही अशी साइट चालवत असाल, तर ईमेलची सक्ती काढा आणि तो आभाराचा ईमेल बंद करा. आजच.