उत्तर उद्या सकाळी

पोलादपूरपासून पनवेलपर्यंतच्या हमरस्त्यावर असा एकही माणूस नसेल, ज्याला माझ्या सासऱ्यांनी कुठल्या ना कुठल्या देशाची राजधानी विचारलेली नाही. पंपावर हवा भरणारा, वडापाववाला, कलिंगडं विकायला बसलेली बाई, रस्ता मोजायला आलेले साहेब, कुणी म्हणून सुटलेलं नाही. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो. मामा म्हणजे लाल गाडीचे निवृत्त ड्रायव्हर. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी स्टिअरिंग धरलं, पण वर मुंबई आणि खाली कोल्हापूर यापलीकडे त्यांचं चाक कधी गेलं नाही. तरी मंगोलियाची राजधानी ते इतक्या सहज सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, उलानबाटरच्या स्टँडवर यांचा रोजचा चहा ठरलेला होता. आणि राजधानीला ते राजधानी म्हणत नाहीत. "फ्रान्सचा मेन डेपो कुठला, सांगा बघू," असं विचारतात.

ही सगळी विद्या हल्ली मोबाईलवरच्या ग्रुपात ओतली जाते. रोज पहाटे साडेपाचला मामांचा रेकॉर्ड केलेला प्रश्न येतो. त्याआधी स्कूटरचा हॉर्न वाजतो, कारण हॉर्न दिल्याशिवाय माणूस बाजूला होत नाही आणि शुद्धीवरही येत नाही, असा त्यांचा अनुभव. ग्रुपात त्यांच्या वेळचे ड्रायव्हर-कंडक्टर आहेत, दोन मेकॅनिक आहेत, कॅन्टीनवाला आहे आणि लग्नसंबंधातून ओढला गेलेला मी आहे. उत्तर बोलूनच पाठवायचं, टाइप केलेलं चालत नाही. "बोटं चोरी करतात, जीभ करत नाय," हे त्यामागचं तत्त्व. नेटवर बघून उत्तर देणारा तीन दिवस सस्पेंड होतो. एकदा एका मेकॅनिकने बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू, हे न अडखळता सांगितलं, तर मामांनी त्याला तिथल्या तिथे सस्पेंड केलं. ज्याला ते खरोखर येतं त्याची जीभ वागाडुगूपाशी अडखळतेच, असा त्यांचा निवाडा होता. मेकॅनिकने तीन दिवस निमूटपणे काढले, कारण त्याने खरंच नेटवर बघितलं होतं.

मार्कांच्या बाबतीत तर मामांच्या अंगात तिकीट तपासनीस संचारतो. उत्तर जवळपास आलं, देश चुकला पण खंड बरोबर आला, अशा सबबी तिथे चालत नाहीत. अर्धा मार्क मागणाऱ्याला ते विचारतात, "वय बाराच्या आत हाय काय?" आणि सगळ्यात मोठा छळ म्हणजे, बरोबर उत्तर ते त्या दिवशी सांगतच नाहीत. फोन करा, घरी जाऊन हातापाया पडा, एकच वाक्य ऐकायला मिळतं, की उत्तर उद्या सकाळी. या वाक्याची त्यांना इतकी सवय झाली आहे की, मामींनी एकदा गॅसचा नंबर लावला का म्हणून विचारलं तरी हेच उत्तर आलं. मामींनीही मग जेवण उद्या सकाळी मिळेल असं सांगून टाकलं, आणि त्यानंतर नंबर तासाभरात लागला.

माझ्यावर त्यांची दृष्टी पडली ती मुलगी बघायच्या कार्यक्रमात. मी महाडला चष्म्याचं दुकान चालवतो. मुलीचा बाप दुकानाबद्दल विचारील, घराबद्दल विचारील, सुपारीच्या खांडाचं तरी व्यसन आहे का ते विचारील, म्हणून मी सगळी उत्तरं घोटून गेलो होतो. मामांनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली. मी म्हणालो, सिडनी. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी दबक्या आवाजात "अगंबाई" म्हणालं. ते माझी आत्ताची बायको सुनीता म्हणाली होती, आणि ऑस्ट्रेलियाबद्दल तिने मला अजून पुरती माफी दिलेली नाही. लग्न मोडलं असं समजून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन आला. मामा म्हणाले, कॅनबेरा, आणि मुलगा पसंत आहे. चुकताना पोराचा चेहरा पडला, म्हणजे खोटं बोलायला गेला तर लगेच सापडेल, एवढं त्यांना पुरे होतं.

एका पावसाळ्यात कशेडीत दरड आली आणि आम्ही दोघं चार तास घाटात अडकून पडलो. बाकीचे लोक तहसीलदारांपासून नशिबापर्यंत सगळ्यांना शिव्या देत होते. मामा मात्र पाऊस थांबल्यावर लेंगा वर खोचून खाली उतरले आणि ट्रकांच्या पाट्या वाचत निघाले. एवढ्या राज्यांची माणसं एकाच जागी, पळून जायला वाट नाही, असा योग त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. केरळच्या ड्रायव्हरला त्यांनी केरळचा राज्यपक्षी विचारला. त्याला तो येईना आणि मामांची हिंदी त्याला कळेना. तेव्हा मामांनी दोन्ही हात तोंडापुढे धरून धनेशाची चोच केली, पंख फडफडवले आणि घशातून असा काही आवाज काढला की जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं. दरड उपसून झाली तेव्हा तिथे सहा राज्यांचे ड्रायव्हर उकिडवे बसून राज्यवृक्षांवर वाद घालत होते, आणि मागून हॉर्न वाजत असतानाही त्यातले दोघं उत्तर घेतल्याशिवाय गाडीत चढेनात. मामांनी त्यांचे नंबर लिहून घेतले.

ग्रुपात मामांना भिडणारा एकच गडी होता. तो त्यांचा जुना कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून तोही मास्तर. एकवीस वर्षं दोघं एका गाडीवर होते. निवृत्तीनंतर मास्तर मुलाकडे बदलापूरला राहायला गेले, पण भांडण त्यांनी सोडलं नाही. आधी खोकायचं, मग बारीक आवाजात मामांची चूक काढायची, ही त्यांची पद्धत. कशेडीच्या जुन्या रस्त्याला वळणं किती, या प्रश्नावर दोघांनी सबंध गणपती घालवले. नेटवर हे सापडत नाही म्हणून मामांनी तो प्रश्न मुद्दाम काढला होता. मामा जाताना मोजत, मास्तर येताना, आणि आकडे जुळत नसत. बाकीच्यांनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला. आता बोगदा झालाय, वळणं कुणाला हवीत, असं कॅन्टीनवाला म्हणाला, तर दोघांनी मिळून त्याला सस्पेंड केलं.

या दिवाळीनंतर मास्तरांचा आवाज यायचा थांबला. चार दिवसांनी त्यांच्या मुलाने ग्रुपात कळवलं, की बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, घरी आणलंय, पण बोलत नाहीत, डोळेही उघडत नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, त्यांना जागं आणि बोलतं ठेवायला हवं, नाहीतर असेच झोपेत जातील. पण ते कुणालाच दाद देत नाहीत. ग्रुपातल्या सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मामांनी काहीच पाठवलं नाही. त्यांनी ग्रुपातला प्रश्न बंद केला आणि रोज पहाटे, हॉर्नसकट, फक्त मास्तरांच्या मोबाईलवर पाठवायला लागले. पाठवलेलं पोचत होतं, ऐकलं जात नव्हतं. एक दिवस मामा माझ्या दुकानात आले आणि मोबाईल काउंटरवर ठेवून म्हणाले, यात काय बिघाड आहे का बघा. चष्म्याच्या दुकानात मोबाईल दुरुस्त होत नाही हे त्यांना माहीत होतं. मी तो पुसून परत दिला आणि ठीक आहे म्हटलं.

शेवटी मास्तरांच्या मुलाचा फोन आला. त्याने फार अदबीने सांगितलं, की काका, आता हे प्रश्न पाठवू नका, बाबांना कळत नाही आणि आम्हाला बघवत नाही. मामा बरं म्हणाले. आणि मग मला म्हणाले, उद्या गाडी काढा, बदलापूरला जायचंय.

निवृत्त ड्रायव्हरला शेजारी बसवून गाडी चालवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मामांचा उजवा पाय पनवेलपर्यंत नसलेल्या ब्रेकवर होता. माणगावला आम्ही जेवलो. तांदळाच्या भाकऱ्या जरा जास्तच झाल्या, वर ऊन आणि पुढे सरळ रस्ता. इंदापूर मागे पडलं आणि मामांनी सुरू केलं. चिलीचा मेन डेपो कुठला? पेरूचा? झांबियाचा? एकाचं उत्तर द्यावं तोवर दुसरा. मला आधीच त्या घरात जाऊन काय बघावं लागेल याची धास्ती होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला आणि म्हणालो, "मामा, दोन मिनिटं गप्प बसाल का?"

मामा बाहेर बघत म्हणाले, "तुमचे डोळे मिटत व्हते, जावईबापू. इंजिनाच्या आवाजावरनं कळतं. पाय सैल पडतो."

मी कोलाडच्या अलीकडे एका टपरीपाशी गाडी उभी केली. तिथे चहा घेताना मामांनी मला जे सांगितलं, ते मामींनाही ठाऊक नव्हतं. नोकरीत नुकतेच कायम झाले होते, सुनीता दोन वर्षांची होती. दुपारची चिपळूणची गाडी. पोलादपूरला जेवले, कशेडी चढायला लागले आणि एका वळणावर त्यांचा डोळा लागला. किती वेळ, ते त्यांना सांगता येत नाही. मास्तर तिकिटं फाडत होते. इंजिनाचा आवाज बदलला तसे ते पुढे आले आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांड्याला धरून मोठ्याने म्हणाले, जपानची राजधानी कुठली? मामा दचकून जागे झाले. समोर दरी होती. त्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि तोंडाला आलं ते सांगितलं, चीन. गाडीतले लोक हसले. मास्तर म्हणाले, चुकलं, उत्तर घाट उतरल्यावर.

मास्तरांनी रिपोर्ट केला असता तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. त्यांनी काय केलं, तर संध्याकाळी महाडच्या स्टँडवरून सामान्यज्ञानाचं एक पुस्तक घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कशेडीचा पायथा आला की पाठीमागून प्रश्न यायचा आणि उत्तर घाट उतरल्यावर. एकवीस वर्षं. मामांना पुढे त्याची गोडी लागली ती निराळी गोष्ट.

"त्यानं कोणाला सांगितलं नाय," मामा म्हणाले. "मलापण नाय. तू झोपलावतास, असं एकदापण म्हणाला नाय."

मला माझीच लाज वाटली. मी आणखी एक चहा मागवला आणि गाडीत बसल्यावर आपणहून विचारलं, मामा, झांबियाचं काय ते?

बदलापूरच्या त्या घरात मास्तर भिंतीकडच्या पलंगावर होते. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ग्रुपातल्या भांडणावरून मला ते धिप्पाड वाटले होते, प्रत्यक्षात पांघरुणाखाली माणूस आहे की नाही हे नीट बघावं लागत होतं. सून म्हणाली, असेच असतात दिवसभर. मामा खुर्चीवर बसले नाहीत. ते मास्तरांच्या उशाशी, पाठीमागे जाऊन उभे राहिले, पलंगाचा दांडा धरला आणि घाटात ऐकू जाईल एवढ्या आवाजात पहिला प्रश्न टाकला. मग दुसरा, मग तिसरा. पलंगावर काही हललं नाही. दारात उभा असलेला मुलगा माझ्याकडे बघायला लागला, यांना आता घेऊन जा अशा अर्थी. मी मामांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकला आणि म्हणाले, "मास्तर, जपानची राजधानी कुठली?"

मास्तरांनी डोळे उघडले. बराच वेळ छताकडे बघत राहिले. सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. मामांनी पिशवी उचलली, मास्तरांच्या कानाशी वाकून उत्तर उद्या सकाळी म्हणून सांगितलं आणि सरळ खाली जाऊन गाडीत बसले. मी आलो तेव्हा ते चष्मा पुसत होते. तो मी दिलेला चष्मा होता, त्याच्यावर डाग पडत नाहीत.

तेव्हापासून रोज पहाटे फोन जातो आणि सून तो मास्तरांच्या कानाशी धरते. पहिला महिना नुसताच श्वास ऐकू यायचा. मग खोकला यायला लागला. मामांनी खोकल्यावरही समाधान मानलं आणि ग्रुपातला प्रश्न पुन्हा सुरू केला. तिथे कडकपणा पूर्वीसारखाच आहे. गेल्या आठवड्यात अटलांटिकचं अटलांट म्हटलं म्हणून माझा मार्क गेला.

परवा रविवारी मी पोलादपूरला मामांच्या घरी होतो. पहाटे फोन लागला. आदल्या दिवसाचा प्रश्न होता, जगातला सगळ्यात मोठा महासागर कोणता. मामांनी तो पुन्हा विचारला आणि मोबाईल ओट्यावर ठेवून आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. मामींचा चहा उकळून गेला. पलीकडून खोकला आला, मग घरघर, मग एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं ऐकू आलं, "अ... र... बी."

"बरोबर," मामा म्हणाले. त्यांनी कॅलेंडरवर मास्तरांच्या नावापुढे एक पूर्ण मार्क लिहिला, दुसरा प्रश्न सांगितला आणि फोन ठेवला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, मामा, पॅसिफिक ना?

मामांनी पेन्सिल कानाला लावली. "चुकू दे," ते म्हणाले. "जागा हाय ना तो."