खंडेनवमीला उघडलेला कॉम्प्युटर

आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला तो दसऱ्याच्या तोंडावर. हुबळीच्या कमरीपेठेतली ती जागा आधीच अरुंद, त्यात ट्रेडल मशीन, कागदाची रिमं आणि शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या, लाकडी केसेस. तरीही अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एका कोपऱ्यात काचेची खोली करून घेतली. तिथे चप्पल घालून जायचं नाही, हात धुतल्याशिवाय काही शिवायचं नाही. देवघरात एवढं सोवळं आमच्या आईनेही कधी पाळलं नव्हतं. धारवाडला कोर्स करून आल्यामुळे ते यंत्र मीच चालवणार हे ठरलेलं होतं, आणि घरात माझा भाव एकदम वधारला होता. तो फार काळ टिकला नाही.

यंत्र बसवायला बंगळूरचा एक इंजिनिअर आला होता. सगळं जोडून त्याने पडद्यावर कन्नड अक्षरं काढून दाखवली. अण्णा खूश झाला. अप्पा, म्हणजे आमचे वडील, मागे उभे होते. त्यांनी कन्नडातच विचारलं, मराठी कुठाय? इंजिनिअरने मान हलवली. आहे तेवढ्या मेमरीत कन्नड बसतं, मराठीचा प्रोग्राम त्याच्यासोबत मावत नाही, मेमरी वाढवावी लागेल. वाढवायच्या चिपा त्याच्या बॅगेत होत्या. पण उद्या संध्याकाळच्या गाडीने तो जाणार होता, आणि हुबळीला पुन्हा कधी येणं होईल ते त्याला सांगता येत नव्हतं.

आमच्याकडच्या लग्नपत्रिका बऱ्याचदा दोन भाषांत असत, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. कन्नडची जुळणी अण्णा बघायचा, मराठी अप्पांकडे. एकेक खिळा उचलून हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे जुळणीच्या पट्टीत, लावायचा, ओळ भरली की घट्ट करायची. खणाकडे न बघता त्यांचा हात नेमका त्या अक्षरावर जायचा. कामं वाटायचेही तेच. सकाळी मजकुरांची चवड पुढ्यात घेऊन बसायचे आणि हे तू कर, हे मी करतो, असं सांगायचे.

अण्णा म्हणाला, "कशाला वाढवायची मेमरी? कन्नड मशीनवर, मराठी तुमच्या हातावर. चाललंय की."

"आणि माझ्यामागं?" अप्पांनी विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू की, अप्पा."

अण्णा खर्चाला भीत होता हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. अप्पांच्या हातचं काम जाऊ नये असं त्यालाही मनापासून वाटत होतं. गोम तिथेच होती. मेमरी वाढवली की मराठी माझ्या टेबलावर येणार आणि अप्पा रिकामे होणार. नाही वाढवली तर अप्पा असेतोवर काम त्यांचं, पण खिळे जुळवायला नवं कुणी शिकत नव्हतं, म्हणजे त्यांच्यानंतर आमच्या छापखान्यातून मराठी गेली. इकडे आड, तिकडे विहीर. आणि अप्पा वळून माझ्याकडे बघत होते.

"तू शिकून आलीस. तू सांग."

मला संतापच आला. कोर्समध्ये मेमरी म्हणजे काय ते शिकवलं होतं, बापाला काय सांगायचं ते कुठे शिकवलं होतं? मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

अप्पा हसले. "विचारलं मी, आणि घोंगडं परत माझ्याच गळ्यात."

रात्री जेवणं उरकली. उद्या ठरवू, एवढंच ठरलं. उद्या खंडेनवमी आहे हे या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आईच्या मात्र होतं.

सकाळी आम्ही खाली आलो तर पूजा मांडून झालेली. ट्रेडलला झेंडूची माळ, केसेसवर हळदकुंकू, पाटावर अप्पांची स्टिक. काचेच्या खोलीत कॉम्प्युटरच्या डोक्यावर फूल. अण्णाने कपाळाला हात लावला, पण आईपुढे बोलतो कोण? थोड्या वेळाने इंजिनिअर आला. आईने त्याची बॅग मागून घेतली, त्यातला स्क्रूड्रायव्हर काढला, कुंकू लावून पाटावर स्टिकच्या शेजारी ठेवला. पाहुण्याचं हत्यार पूजेवाचून कसं ठेवायचं, असं तिचं म्हणणं. तोही बिचारा हात जोडून उभा राहिला.

आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा अप्पांचाच नियम. त्या दिवशी आमच्याकडे साधी कात्रीही चालत नसे. एकदा एक यजमान पत्रिकेतली चूक दुरुस्त करायला दारात रडकुंडीला आला होता, तरी अप्पांनी खिळा हलवला नव्हता. आता स्क्रूड्रायव्हर पाटावर, कॉम्प्युटरवर फूल, आणि गाडी संध्याकाळची.

"इवत्तु बेड री," अण्णा इंजिनिअरला म्हणाला, आज नको. त्याच्या आवाजातली सुटका मला ऐकू आली, कारण मलाही तसंच वाटत होतं. देवानेच निकाल लावला होता. आता कुणी कुणाला काही विचारायला नको. आईने पाहुण्याला जेवायला वाढलं. आग्रह करून पुरणाची होळगी खायला घातली.

चहा झाला, इंजिनिअर निघायला उठला. अप्पा तोवर केसेसपाशी स्टुलावर बसून होते. ते उठले, पाटापाशी गेले, वाकले. मला वाटलं नमस्कार करताहेत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि धोतराच्या सोग्याला त्याचं कुंकू पुसलं.

"तगोळ्री," ते इंजिनिअरला म्हणाले. "बिच्च्री." घ्या, उघडा.

आई "अहो" म्हणाली. मला ओरडून थांबवावंसं वाटलं, पण थांबवून मी काय सांगणार होते? इंजिनिअरने आईकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, कॉम्प्युटरवरचं फूल अलगद बाजूला ठेवलं आणि झाकण उघडलं. चिपा बसवायला फार वेळ लागला नाही.

मग त्याने मला मराठी टाइप करून बघायला सांगितलं. दसऱ्याला अप्पा स्टिकमध्ये पहिलं अक्षर लावत ते श्री, म्हणून मीही तेच काढलं. अप्पा हात मागे बांधून उभे होते.

"वेलांटी जरा जवळ घे."

"इथं नाही येत तसं, अप्पा."

"बरं, असू दे."

दसऱ्याच्या सकाळी कामं सुरू झाली. दिवाळीनंतरच्या लग्नांचे मजकूर आले होते, अण्णाने ती सगळी चवड माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. अप्पांनी पाटावरून स्टिक उचलली, फडक्याने पुसली, आणि काचेच्या खोलीच्या दारात आले. चप्पल बाहेर काढून ठेवली होती.

"काय जुळवू?" त्यांनी मला विचारलं.