गिरडले सोडलेली गोळी

काशीले जाऊन आलेली माणसं वांगं सोडतात, कोणी पेरू सोडते. आंजी गावच्या भागीरथाबाईनं गिरडच्या टेकडीवर, बाबाजीच्या दर्ग्यापाशी गोळी सोडली. घरी मात्र सांगितलं नाही. गोळी आहे हेच कोणाले ठाऊक नव्हतं, तर सोडली म्हणून काय सांगणार?

नवरा गेला तेव्हा जीव घाबरायचा, म्हणून डॉक्टरनं थोड्या दिवसांसाठी दिली होती. थोड्या दिवसांची वर्षं झाली. गोळी चंचीत, सुपारीखाली दडलेली असायची. सून मोनालीनं एकदा पाहिली तर "पित्ताची हाय" म्हणून बाई मोकळी झाली. गावात मयत झालं की पहिला निरोप भागीरथाबाईले. ती दारात दिसली की रडणाऱ्यांना धीर यायचा. अन् धीर वाटणारी बाई स्वतः गोळीवर झोपते, हे कोणत्या तोंडानं सांगावं!

गिरडहून आल्यापासून डोळ्याला डोळा नाही, छाती धडधड, घाम. सोडलं म्हणजे थोडा त्रास होणारच, अशी तिनं मनाची समजूत घातली. तशातच शेजारच्या शकुबाईच्या पोरीची, छायाची हळद आली. भागीरथाबाईनं हळदीचं ताट उचललं अन् हात असे लटलट कापले की ताट उपडं, मागोमाग तीही खाली. सगळं अंग थरथरत होतं.

"अंगात आलं व!" कोणीतरी ओरडलं.

झालं. कोणी कुंकू लावलं, कोणी लिंबू आणलं. शकुबाईनं तर पायच धरले. "माय, माह्या पोरीचं बरं होईन ना? सांग व माय!"

भागीरथाबाईनं डोळे मिटले. घटकाभर तिले बरंच वाटलं. देवी म्हटलं की इज्जत राहते. थोडं घुमावं अन् उठावं. पण शकुबाई पाय घट्ट धरून उत्तराची वाट पाहत होती. पोरीच्या संसाराचं खोटं कसं बोलावं?

"पाय सोड, शकू. देवी नाई, गोळी हाय. जीव घाबरते म्हणून रोज खातो मी. गिरडले सोडून आलती, त्याचं हे."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. हळदीनं भरलेला पदर तोंडावर ओढून ती तशीच बसून राहिली.

मोनालीनं तिले उठवून दवाखान्यात नेलं. रस्ताभर एकच बोलली, "मले तरी सांगायचं होतं, आत्याबाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, वर्षानुवर्षांची गोळी अशी एकदम सोडतात का? फिट येते, जिवावर बेतते. आता पुन्हा सुरू करा. मग मी सांगेन तशी हळूहळू कमी करू. त्रास वाढला तर तिथंच थांबू. मनानं काही करू नका."

"पण बाबाजीपाशी सोडली ना मी!"

मोनाली म्हणाली, "म्हैस आटवताना दूध काढणं एकदम बंद करता का तुम्ही?"

"काऊन करू? कास सुजन तिची."

म्हणाली अन् स्वतःच मान खाली घातली.

त्यानंतर ती घराबाहेर पडेना. गोळी कमी होत होती, लाज होत नव्हती. एक दिवस शकुबाई दारात उभी. "खालच्या आळीतल्या चिंधूचा बाप गेला. चाल."

"मले कोण बोलावते आता?"

"मी बोलावून राह्यली ना, देवीबाई! गोळी घेतली का आजची?"

"नाई."

"मंग घे अन् चाल. नाई तं तिथंबी ताट पाडशीन माह्या अंगावर."

भागीरथाबाईनं चंची उघडली. शकुबाईसमोरच गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली. मान काही वर झाली नाही. खाली पाहत पाहतच तिनं चपला शोधल्या.