रुमालाने पुसलेला डबा

नातवंडं मला 'न्यूज चॅनल' म्हणतात; तरुणपणी मी याहून वाईट होते.

रियाधला आमच्या इमारतीखाली एका येमेनी माणसाचं किराणा दुकान होतं. कुठलाही डबा देण्याआधी तो डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसायचा. इराकने कुवेत घेतलं आणि रेडिओ ऐकून मी दीडशहाणी झाले. डाळ घेता घेता त्याला युद्धाची कारणं शिकवायची: तेल, सीमा, बंदरं. तो मान डोलवायचा.

येमेनने सौदीची बाजू घेतली नाही, म्हणून हुकूम निघाला: येमेनींनी हमी घेणारा सौदी कफील शोधावा, नाहीतर देश सोडावा.

"मॅडम, जंग क्यों, तुमको सब मालूम," तो म्हणाला. "मेरा दुकान क्यों बंद, वो बोलो. साहब के ऑफिस में कोई कफील बनेगा? पूछो ना."

"आज ही पूछती हूँ," मी ऐटीत म्हटलं.

संध्याकाळी जेवण गार होईपर्यंत मी नवऱ्याला अमेरिकेचे डावपेच समजावले. कफिलाचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. मग मुदत संपली.

शेवटच्या दिवशी त्याने दुधाचा डबा नेहमीसारखाच पुसून दिला, आणि मला काहीच विचारलं नाही.