शिवण बाहेरच्या बाजूला

अब्बांचं शिवणकामाचं दुकान शिरूरच्या बाजारपेठेत होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. पुढे मशीन आणि कापड बेतायचं टेबल, मागे आमचं घर. शेतकऱ्यांचे सदरे-पायजमे, शाळेच्या खाकी चड्ड्या, बायकांची पोलकी एवढंच तिथे शिवलं जायचं. घरात आम्ही आमची दखनी उर्दू बोलायचो, बाहेर मराठी. शाळा मराठीच होती आणि पुढे मी मास्तरीणही मराठी शाळेतच झाले, तेव्हा घरातली बोलणीसुद्धा इथे मराठीतच देते आहे.

मशीन चालवायला मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही, येतच गेलं. शिवण्याची मला फारशी गोडी नव्हती, बेतण्याची होती. अब्बा खडूने कापडावर रेघा मारायचे आणि सपाट तुकड्यातून बाही निघायची, गळा निघायचा. पण दर वेळी तीच बाही आणि तोच गळा. गिऱ्हाईक बदललं की फक्त माप बदलायचं. मी एकदा विचारलं, "अब्बा, गळा एका बाजूला घेतला तर?"

"कशासाठी?"

"पाहायला."

"गिऱ्हाईक पाहायला येत नाही. घालायला येतं," ते म्हणाले आणि खडू कानावर अडकवून कात्री शोधू लागले.

माझे मामू दौंडला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होते. शाळेला सुट्टी लागली की अम्मा आणि मी एसटीने तिकडे जायचो. अशाच एका सुट्टीत मामेबहीण आणि मी मामूंचा डबा घेऊन स्टेशनातून चाललो होतो. फलाटाला मेल उभी होती. दौंडला गाड्या बराच वेळ थांबत, तेवढ्यात उतारू खाली उतरून पाय मोकळे करत. पहिल्या वर्गाच्या डब्यासमोर एक परदेशी बाई फेऱ्या मारत होती. तिने करड्या रंगाचा झगा घातला होता. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तो सरळ खाली आला होता, कमरेला कुठे आवळलेला नव्हता, चुण्या नव्हत्या, पट्टा नव्हता. मी तोवर पाहिलेला बायकांचा प्रत्येक कपडा त्यांना कुठे ना कुठे धरून ठेवायचा. परकराची नाडी धरायची, पोलकं छातीला धरायचं, साडी तर सगळीकडूनच धरायची. हा झगा त्या बाईला कुठेच धरत नव्हता.

"आजारी असेल," मामेबहीण म्हणाली. "नाहीतर पोटुशी."

मला तसं वाटलं नाही. पण डबा गार होत होता, आम्ही पुढे निघालो.

शिरूरला परत आल्यावर मी अब्बांकडे मांजरपाट मागितला. सदऱ्याच्या पाठीला आतून लावायला ते तो ठेवत. त्यांनी काही न विचारता दिला. मी दोन चौकोन कापले, खांद्यावर जोडले, बाजूने शिवले, हात आणि डोकं बाहेर काढायला जागा ठेवली. सलवारीवर तो झगा घालून मी घरात वावरू लागले. अम्मा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोत्यात शिरलीस का?" मी म्हटलं, हो, तसंच म्हण. तिने पुढे विचारलं नाही. पण ओढणी घेतल्याशिवाय दुकानाकडच्या दारात यायचं नाही, एवढं मात्र बजावलं.

त्या पोत्यात मी वेगळी चालते हे माझ्या लक्षात आलं. पावलं लांब पडायची. बसताना काही सावरावं लागायचं नाही. दिसायला मात्र ते चांगलं नव्हतं, हे मला मान्य होतं. कापड जाड होतं आणि पुढून फुगायचं. म्हणजे अडचण कल्पनेत नव्हती, बेतण्यात होती. तिथून पुढची काही वर्षं मी तेच करत राहिले. दुकानातलं कातरण, मोडक्या छत्र्यांचं काळं कापड, शेजाऱ्यांनी टाकून दिलेली चादर, हाताला लागेल ते घ्यायचं, बेतायचं, घालून पाहायचं आणि उसवायचं. गळा खांद्यावर नेऊन पाहिला. पाठीवरची बटणं पुढे आणि पुढची पाठीवर लावली. एक कमीज अशी बेतली की तिला पुढची आणि मागची बाजूच नव्हती, कशीही घाला. ती बरी झाली होती, पण धुतल्यावर आटली.

एकदा मी सगळी शिवण बाहेर येईल असा कुर्ता शिवला. कडा दुमडून, त्यांवर टीप मारून, सुटे धागे नीट कापून. अब्बांनी तो हातात घेतला आणि सवयीने उलटा करायला गेले. मी म्हटलं, "सुलटाच आहे."

त्यांनी तो परत पाहिला. "शिवण आत असते," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी कुर्ता मशीनवर ठेवला. "लोकांना कपडा पाहायचा असतो. कसा झाला ते पाहायचं नसतं."

"मला पाहायचं असतं."

"तू माझ्या घरात वाढलीस म्हणून," ते म्हणाले. त्या बोलण्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं.

मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी सातवीची, म्हणजे फायनलची, परीक्षा दिलेली होती. त्याच सुमारास दौंडच्या एका घराकडून माझ्यासाठीही बोलणं चाललं होतं. मुलगा रेल्वेच्या माल कचेरीत कारकून होता. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. त्याची आई लग्नाला येणार आणि तिथेच मला पाहणार, एवढं अम्माने मला सांगितलं होतं.

लग्नासाठी मी स्वतःचा कुर्ता शिवला. अर्धा छत्रीच्या काळ्या कापडाचा, अर्धा पांढऱ्या पॉपलीनचा. दोन्हींची जोड छातीवरून तिरपी खाली गेली होती. डावी बाही मनगटापर्यंत आणि उजवी कोपरापर्यंत. त्यामागे कुणाला डिवचायचा हेतू नव्हता. एकाच अंगावर दोन मापं कशी दिसतात हे मला पाहायचं होतं, आणि ते घरात बसून कळत नव्हतं. अम्माने तो कुर्ता दौंडला पोचल्यावर पाहिला. तोवर मी वरून चादर घेतली होती.

मामी, आम्ही तिला मुमानी म्हणायचो, मला बाजूला घेऊन गेली.

"हे काय घातलंस?"

"मी शिवलंय."

"ते दिसतंय. दुसरं काही आणलंयस?"

"नाही."

"माझं देते. चल."

"मुमानी, मला हेच घालायचंय."

मांडव माणसांनी भरला होता, तिला शंभर कामं होती. ती म्हणाली, "मग आतल्या खोलीत बस. पानं लाव. बाहेरच्या बायकांत येऊ नकोस."

मी आत बसले. तिथे झोपवलेली तान्ही मुलं होती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी एक म्हातारी होती, तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मी पानं पुसून चुना लावत राहिले. थोड्या वेळाने एक उंच, नीटनेटकी बाई आत आली. पाणी मागितलं, प्याली आणि माझ्या शेजारी टेकली. तिने स्वतःची ओळख सांगितली नाही, पण ती ज्या तऱ्हेने माझ्याकडे पाहत होती त्यावरून ती कोण हे मला कळलं.

तिने माझी लांब बाही चिमटीत धरली. "कापड पुरलं नाही का?"

"पुरलं होतं."

"मग?"

"एक लांब आणि एक आखूड कशी दिसते ते पाहायचं होतं."

"दिसली?"

"अजून ठरवलं नाही."

ती हसली नाही. पेला खाली ठेवला, झोपलेल्या एका मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर गेली.

पुढे मामू शिरूरला आले तेव्हा त्यांनी अब्बांना सांगितलं की त्या लोकांनी दुसरी मुलगी पसंत केली. "पोरीच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का, असं विचारत होते," मामू म्हणाले.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, शिकतेय."

अब्बांनी मान हलवली. अम्मा मात्र त्या दिवशी जेवली नाही. मला वाईट वाटलं ते तिच्यासाठी. स्वतःविषयी मला काय वाटलं हे आज नेमकं सांगता येत नाही. लग्न मोडलं असं मला वाटलं नाही, कारण माझ्या डोक्यात ते ठरलेलंच नव्हतं. त्या आतल्या खोलीतलं मला दुसरंच आठवतं. पानं लावताना आखूड बाहीचा हात मोकळा होता. लांब बाही सारखी चुन्यात जात होती. तेव्हापासून मी दोन्ही बाह्या कोपरापर्यंतच घेतल्या.

नंतर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पांढऱ्या साडीची सक्ती होती. मी ती पाळली. ट्रेनिंग संपल्यावर पहिली नेमणूक कवठे येमाईच्या शाळेत मिळाली. तिथेही मास्तरणीने साडीच नेसायची हे गृहीत होतं. मी साडी नेसले आणि तिच्यावर घालायला एक अंगरखा शिवला. करडा, जाड सुती, गुडघ्यापर्यंत सरळ. कमर नाही. बाह्या कोपरापर्यंत. शिवण बाहेरच्या बाजूला. दोन्हीकडे खोल खिसे, त्यांत खडू, डस्टर, शाळेच्या किल्ल्या. पदराची सावरासावर संपली. फळ्यावर लिहायला हात वर केला तरी काही सरकत नव्हतं.

गाव मला पहिले काही दिवस दवाखान्यातली बाई समजलं. पोरं तपासून घ्यायला एक-दोघी आल्याही. मग सवय झाली. तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांनी मुलांसमोरच विचारलं, "बाई, हा कसला गणवेश?"

"गणवेश नाही, साहेब."

"मग?"

"माझा कपडा आहे."

त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत होते. मग साहेबांनी मुलांना पाढे विचारले. मुलांना पाढे येत होते, तेव्हा विषय तिथेच संपला.

शाळेच्या वाटेवर शेवंतीचा मळा होता. तिथली मावशी फुलं तोडून बाजाराला पाठवायची. थंडीत नऊवारीवर जुनं पोतं बांधून ती ओल्या ताटव्यांत उभी असायची. एक दिवस तिने मला थांबवलं.

"बाई, ह्ये तुमी शिवलं व्हय?"

"हो."

"मला बी द्या की शिवून. ह्या खिशात मावतंय लई. कनवटीला किती लावायचं?"

मी मापं घेतली. सुट्टीत शिरूरला गेले तेव्हा तिचा अंगरखा बेतला. टीप अब्बांनी मारली, मला शाळेचे पेपर तपासायचे होते. शिवण बाहेर घ्यायची हे मी सांगितलं आणि त्यांनी घेतली. त्यांच्या टिपा माझ्यापेक्षा सरळ होत्या. मावशीने अंगरखा घेतला, उलटसुलट केला, कापड चोळून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून घालायला लागली. पण मी पाहिलं तर तिने तो उलटा घातला होता. शिवण आत, खिसे आत.

"मावशी, उलटा घातलाय."

"न्हाई वो. तुमच्याकडनं उलटा शिवला गेलाय, मी सुलटा करून घातला," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. चूक समद्यांकडनं हुती."

"मग खिसे कसे वापरता?"

"आतनं हात घालायचा. चोराला बी घावत न्हाई."

ती हिवाळाभर तसाच घालत होती आणि तिचं काही अडत नव्हतं. तिने मला फुलांची परडी दिली. ती मी वर्गात ठेवली.

काही वर्षांनी माझी बदली दौंडला झाली. अब्बा तेव्हा थकले होते, दुकान चुलतभावाने घेतलं होतं. त्या काळात दौंडच्या बाजारात नायलॉन आलं होतं. शिक्षिका नायलॉनच्या साड्या नेसू लागल्या होत्या. त्या धुवायला सोप्या आणि लगेच वाळायच्या. मुमानी म्हणाली, तू पण घे, आता तरी चारचौघींसारखी दिस. मी साडी घेतली नाही, तसलं कापड घेतलं आणि त्याचा अंगरखा शिवला. पहिल्याच दिवशी तो अंगाला चिकटला, काढताना केसांत तडतड आवाज करू लागला. इस्त्री फिरवली तर पाठीवर भोक पडलं. भोकाच्या जागी मी करड्या सुती कापडाचा चौकोन लावून पाहिला. तो चौकोन चांगला दिसत होता. बाकीचा अंगरखा चांगला दिसत नव्हता. मी तो दिवाणाखाली टाकला आणि पुन्हा सुतीकडे वळले.

माझं लग्न पुढे झालं, उशिरा, पाटसच्या एका विधुर मास्तरांशी. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते शिक्षकांच्या सभेत, त्याच करड्या अंगरख्यात. लग्नानंतर मी एकदा विचारलं, तेव्हा काय वाटलं होतं. ते म्हणाले, "बाई दमलेल्या नाहीत असं वाटलं. बाकीच्या सगळ्या दमलेल्या दिसत होत्या." हे त्यांनी कपड्याविषयी म्हटलं की माझ्याविषयी, हे मी विचारलं नाही.

दौंडच्या त्या शाळेत असताना एक सकाळ आठवते. पोरांची रांग लावून मी प्रार्थनेला उभी होते. एका नव्या मुलीने तिला सोडायला आलेल्या आईला सांगितलं, त्या बघ, त्या आमच्या बाई. आई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली. तिच्या नजरेमुळे मीही खाली पाहिलं आणि लक्षात आलं की तोवर आज आपण काय घातलंय हे मला आठवतही नव्हतं. सकाळी उठून अंघोळ करून, हाताला लागलं ते घालून मी आले होते. बटणं बरोबर लागलेली होती. मी वर पाहिलं आणि मुलांना प्रार्थना सुरू करायला सांगितलं.